सकाळचं ऊन त्यांचं, दुपारची सावली आमची

मुलांनो, परवा तुमच्या बाबांनी फोनवर विचारलं, की नव्या घराच्या पश्चिमेला एखादं मोठं होणारं झाड लावावं का. तिकडच्या थंड मुलखातही आता उन्हाळ्यात घरं तापतात म्हणाले. मागून धाकटी म्हणाली, "आजी, फायदे एका बाजूला लिही आणि तोटे दुसऱ्या बाजूला." मी नोकरीभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि असे दोन रकाने कितीतरी मुलांकडून लिहून घेतले. पण आमच्या कडुनिंबाबद्दल लिहायला बसले तर रकाने काही जमेनात. आमच्या बाजूला जो फायदा होता, तोच कुंपणापलीकडे गेला की तोटा व्हायचा. म्हणून गेल्या वर्षी जे घडलं ते सांगते. त्यातून तुम्हाला हवं ते काढून घ्या.

आमचं जालन्यातलं घर तुम्ही पाहिलंय, पण दिवाळीच्या सुट्टीत. वैशाखात पाहिलेलं नाही. मी कॉलेजात आणि आजोबा शाळेत, असे मंठ्याला नोकरी करत होतो, तिथे आम्ही भाड्याने राहायचो ते जुन्या माळवदाचं घर होतं. जाड मातीचं छप्पर, जाड भिंती. उन्हाळा बाहेरच्या बाहेर जायचा. निवृत्तीनंतर इथे स्लॅबचं घर बांधलं आणि पहिल्याच एप्रिलमध्ये कळलं की आपण राहायला एक तवा बांधून घेतलाय. दुपारी पंखा लावला की वरून गरम वारा अंगावर यायचा. संध्याकाळी नळाचं पाणी हाताला चटका द्यायचं. आणि भिंत, विशेषतः पश्चिमेची, दिवसभर पिऊन ठेवलेली उष्णता जेवणं झाली तरी सोडत राहायची.

कूलर होता. पण कूलरला पाणी लागतं आणि आमच्याकडे नळ रोज येत नाही. उन्हाळ्यात तर नळाची वाट पाहणं हेच एक काम असतं. स्वयंपाकाला राखलेलं पाणी कूलरच्या टाकीत ओतताना माझा हात जड व्हायचा. तेव्हा आजोबांनी पश्चिमेच्या कुंपणाशी कडुनिंबाचं रोप लावलं. पहिली दोन-तीन वर्षं त्याला तांदूळ धुतलेलं आणि भांडी विसळलेलं पाणी घातलं. मग त्याने आपली सोय आपण पाहिली. आमच्याकडे एक थेंब मागितला नाही. विहिरी आटल्या, बोअर गेले, त्या उन्हाळ्यांतही चैत्रात ते तांबूस, चकचकीत पालवीने भरून उभं असायचं. मला त्याचं तेव्हापासून कौतुक आहे.

त्याने काय केलं ते हातालाच कळायचं. मेच्या दुपारी चारला स्वयंपाकघराच्या भिंतीवर तळवा ठेवला तर काढून घ्यावा लागायचा. तीच भिंत पुढे आजोबांच्या खोलीला होती, तिथे कडुनिंबाची सावली. तिथे तळवा ठेवून उभं राहता यायचं. आजोबांचं आजारपण झाल्यापासून त्यांना दुपारी आडवं व्हावंच लागतं. एसीने त्यांचे गुडघे आखडतात. ती खोली आणि ती सावली म्हणजे त्यांचा उन्हाळा, असं म्हटलं तर चालेल.

तोटेही होते, ते लपवत नाही. पानगळीत गच्चीवरच्या पाण्याचा पाईप तुंबायचा आणि पहिला मोठा पाऊस स्लॅबवर तळ्यासारखा साचायचा. बैठकीच्या छतावरचा तो नकाशासारखा डाग त्याचाच आहे. एका मुळाने पाण्याच्या हौदाची भिंत फोडली. हौदातलं पाणी कमी होतंय हे लक्षात यायला आम्हाला बरेच दिवस लागले. पावसाळ्याआधी वीजवाले येऊन तारांजवळच्या फांद्या वेड्यावाकड्या तोडून जायचे. निंबोळ्या पिकल्या की चपलांना चिकटून घरभर. आणि एक गोष्ट मला आधी ठाऊक नव्हती. रात्री गच्चीवर झोपायचं तर झाडाखाली झोपू नये. तिथे हवा अडून राहते. बाज ओढत उघड्या कोपऱ्यात न्यावी लागते. दिवसा जे झाड उन्हाला आत येऊ देत नाही, ते रात्री उकाड्याला बाहेर जाऊ देत नाही.

पण हे सगळं आमचं आम्ही सोसत होतो. खरी अडचण पलीकडे होती.

कुंपणाच्या पलीकडे, म्हणजे झाडाच्या पश्चिमेला, शेजारणीचं घर. तिला तुम्ही ओळखता, दिवाळीत तुम्हाला अनारसे देणारी. मंठ्याकडच्या शेतकरी घरातली, मुलांच्या शिक्षणासाठी इथे आलेली. आम्हाला काका-काकू म्हणते. आता बघा, सूर्य सकाळी पूर्वेला. म्हणजे आमच्या झाडाची सकाळची सावली सगळी तिच्या गच्चीवर. दुपारनंतर सूर्य पश्चिमेला, की सावली आमच्या भिंतीवर. आम्हाला हवी तेव्हा आमच्याकडे, तिला नको तेव्हा तिच्याकडे.

तिला का नको, तर वाळवणामुळे. तुम्ही कुरडई फक्त तळलेली पाहिली आहे. ती करायची तर गहू तीन दिवस भिजत घालतात, रोज पाणी बदलतात, मग वाटून, पिळून त्याचा चीक काढतात. चीक रात्रभर निवळू देतात. उजाडायच्या आत तो मोठ्या पातेल्यात शिजवायचा, गरम असतानाच सोऱ्याने गच्चीवर कुरडया घालायच्या, आणि उन्हं वर यायच्या वेळेला त्या उन्हात असल्याच पाहिजेत. पहिल्या दिवशी कडक ऊन मिळालं तर कुरडई पांढरी होते आणि तेलात टाकली की फुलते. न मिळालं तर आंबूस वास येतो, रंग तांबडा पडतो. आमच्या झाडामुळे तिच्या गच्चीवर अकरापर्यंत ऊन यायचं नाही. वर चैत्रात निंबाचा मोहोर गळायचा, तो ओल्या कुरडयांत रुतून बसायचा आणि त्या कडू व्हायच्या. ती काही वर्षं घरापुरतं थोडंसं करायची, बाकीचं गावाकडे. कधी तक्रार केली नाही. उलट पाडव्याला गुढीसाठी आमच्याच झाडाचा डहाळा न्यायची.

गेल्या वर्षी मात्र तिच्या मुलीचं लग्न ठरलं, वैशाखातलं. त्यांच्या घराण्यात पद्धत अशी, की मुलीच्या पाठवणीसोबत कुरडया-पापडांचं मोठं टोपलं जातं. ते सासरच्या बायका चारचौघींत उघडतात आणि सगळ्यांसमोर एक कुरडई तळून बघतात. ती पांढरी फुलली तर आईच्या हाताचं नाव होतं. नाही फुलली तर बोलत कोणी नाही, पण मुलीला ते नंतर कितीतरी वर्षं ऐकावं लागतं. आणि हे वाळवण मुलीच्या बापाच्या घरावरच वाळलेलं असावं लागतं. बाजारचं चालत नाही, दुसऱ्याच्या गच्चीवरचंही चालत नाही.

हे आम्हाला सांगायला माघात तिची सासू गावाहून आली. म्हातारी बारीक चणीची, आवाज मोठा. कुंपणाशी उभी राहून मला म्हणाली, "मास्तरीणबाई, तुमच्या झाडानं आमच्या घराला गिऱ्हाण लावलं बगा."

"आजी, हे ग्रहण अकराला सुटतं," मी म्हटलं.

"सुटतं की. पर तवर माजा चीक आंबतो, त्याचं काय?"

आजोबा बाहेर आले. त्यांना कोणाचा अडथळा होणं मुळीच सोसत नाही. ते म्हणाले, "आपण तुमच्या गच्चीवर जाऊन बघू, कोणत्या फांदीची सावली नेमकी कुठे पडते. तेवढ्या फांद्या काढू."

"आन तरीबी ऊन न्हाई आलं मंग?"

"मग झाड काढू. शब्द देतो."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा खडू घेऊन शेजारणीच्या गच्चीवर गेले. सावलीच्या कडेने त्यांनी रेघा मारल्या, खाली येऊन फांद्या हेरल्या, पुन्हा वर गेले. सावली गच्चीच्या उत्तरेच्या अर्ध्या भागावर पडत होती, ती दक्षिणेकडच्या मोठ्या फांद्यांची. फांद्या तोडणाऱ्याला बोलावून त्या उतरवल्या. माझ्या डोळ्यांसमोर आजोबांच्या खिडकीवरचं हिरवं छत गेलं आणि तिथे आभाळ आलं. पण शेजारणीच्या गच्चीवर सकाळी आठला लख्ख ऊन पडलं. सासूने गच्चीभर फिरून पाहिलं आणि वरूनच म्हणाली, "बराबर झालं मास्तर, बिलकुल बराबर."

खोलीत दुपारी ऊन यायला लागलं. आजोबा म्हणाले, "वाचायला उजेड बरा येतोय." मी खिडकीला जाड पडदा शिवला.

चैत्र सरत आला तेव्हा त्यांनी गहू भिजत घातले. टोपल्याचे, मांडवाचे, भावकीत वाटायचे, सगळे एकदमच. लग्न तोंडावर आलेलं, दुसऱ्यांदा भिजवायला सवड नव्हती. त्या पहाटे मी जागीच होते. चीक शिजल्याचा वास कुंपणावरून येत होता. गल्लीतल्या चार-पाच बायका सोऱ्या घेऊन वर गेल्या होत्या, त्यांचं हसणं ऐकू येत होतं. मग हसणं थांबलं.

"काकू, उठल्या का?" शेजारीण कठड्यावरून वाकून हाक मारत होती. "जरा वर येऊन बघा वो. काकांनाबी आणा."

आम्ही दोघं गेलो. उन्हं आली होती, पण गच्चीवर फक्त उत्तरेच्या कडेला हातभर पट्टा. दक्षिणेच्या अर्ध्या भागात त्यांनी पहिला घाणा घातलेला, ओल्या कुरडयांच्या रांगा, आणि त्या सगळ्यांवर गार, गर्द सावली. माघात जिथे ऊन होतं तिथेच. आजोबांच्या खडूच्या रेघा अजून पुसट दिसत होत्या. सावली त्या रेघा सोडून भलतीकडेच जाऊन बसली होती.

आजोबा झाडाकडे बघत राहिले, मग सूर्याकडे. "माघात सूर्य दक्षिणेकडून उगवत होता," ते सावकाश म्हणाले. "आता उत्तरेकडे सरकलाय. आता सावली उत्तरेच्या फांद्यांची पडते. आणि तेव्हा पानगळ चालू होती, आता पालवी दाट झालीय." मग म्हणाले, "हे मी सातवीला शिकवायचो."

"पोरं पास व्हायची का?" सासू म्हणाली.

एक बाई तोंडाला पदर लावून हसली. शेजारीण हसली नाही. ती उरलेल्या चिकाच्या पातेल्यापाशी उकिडवी बसली होती, आणि तिचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता तसा होता. "आत्याबाई, आता चेष्टा नका करू," ती सासूला म्हणाली. "पातेलं भरून चीक हाये. थंड झाला तर सोऱ्यातून निघायचा न्हाई. खाली अजून दोन पातेली शिजायची हायेत. माझ्या पोरीचं टोपलं हाये हे."

सासू गंभीर झाली. आजोबांकडे वळली. "मास्तर, शब्द दिल्ता तुम्ही."

"दिला होता," आजोबा म्हणाले. "माणूस बोलावतो. झाड काढू."

"आज काढलं तरी आजचा चीक कुठं घालू मी?" शेजारीण म्हणाली.

तेव्हा मी पूर्वेला पाहिलं. आमची गच्ची झाडाच्या पलीकडे उन्हात झळझळत होती. सकाळी तिथे झाडाची सावली जातच नाही, आणि आम्ही त्या उन्हाचं काही करतही नाही. मी म्हटलं, "आमच्याकडे चला. आत्ताच्या आत्ता."

कोणीच हललं नाही. सगळ्या सासूकडे बघत होत्या, कारण नियम तिचा होता. बापाच्याच घरावर वाळलेलं. मलाही तो ठाऊक होता.

म्हातारीने आमच्या गच्चीकडे पाहिलं. "दुपारी कसं असतं तिथं?" तिने विचारलं.

"दुपारी सावली. दोननंतर ऊन नाही."

"आन हितं?"

"हितं दुपारी पुरं ऊन," शेजारीण म्हणाली. "दिवस बुडेस्तोवर."

"मंग झालं की. सकाळी कुरडई नुसती बसती, धरती. वाळती ती दुपारच्या उन्हात. उलटून आणून हितं टाकायची." ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. "वाळली कुठं म्हणून कुणी इचारलं, तर बापाच्या घरावर. खोटं न्हाई. उठा गं, जल्दी करा."

मग जे झालं ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. गरम पातेल्याला दोन्हीकडून फडक्यांनी धरून दोघी जिना उतरल्या, फाटकातून आत आल्या, आमचा जिना चढल्या. मागे सोऱ्या, मागे प्लास्टिकचे कागद, मागे पाण्याची बादली. आजोबांनी गच्ची झाडली, मग त्यांना बाजूला केलं गेलं. बायका ओळीने बसल्या आणि सोऱ्या फिरवू लागल्या. एकीचा हात दुखला की दुसरी न सांगता तिच्या जागी. कोणी कोणाला सूचना देत नव्हतं. मी आयुष्यभर वेळापत्रकं लावली, पण इतकं नेटकं काम कोणत्याही वेळापत्रकावर चाललेलं पाहिलेलं नाही. नऊ वाजेपर्यंत आमची गच्ची पांढऱ्या चक्रांनी भरली. मला एका वाटीत गरम चीक मिळाला, वर तेल आणि साखर. आजोबांनाही मिळाला, पण शेवटी.

दुपारी जेवणं झाल्यावर झाडाची सावली आमच्या कठड्यावर चढली, तशा सगळ्या पुन्हा वर गेल्या. कुरडया आता कागदावरून अलगद सुटत होत्या. त्या परातींत आणि टोपल्यांत एकेक रचून पुन्हा उतरल्या, पलीकडे चढल्या, आणि उलट्या बाजूने उन्हात मांडल्या. त्या वेळी शेजारणीच्या गच्चीवर पाय ठेवता येत नव्हता, इतकी ती तापली होती. तिला तेच हवं होतं.

सासू काही तिकडे गेली नाही. दोन खेपांनंतर ती आमच्या कडुनिंबाखाली, ओट्यावर टेकली. मी पाण्याचा तांब्या आणेपर्यंत ती पदर उशाला घेऊन झोपली होती. आजोबाही खोलीतली बाज बाहेर काढून तिथेच आले, कारण खोलीपेक्षा तिथेच बरं होतं. दोघं दोन टोकांना, मध्ये निंबाचा गळणारा मोहोर. चारला म्हातारी उठली, केसांतला मोहोर झटकला आणि वर फांद्यांकडे बघत बसली.

आजोबा म्हणाले, "उद्या सकाळी तोडणारा येतोय. सांगून ठेवलंय."

"उद्या?" ती म्हणाली. "येडे का खुळे? पंधरा दिसांनी वऱ्हाड यायचंय. त्यांना काय तुमच्या पडद्यामागं बसवू? लग्न होऊ द्या, मंग बघू."

कुरडया सगळ्या वाळल्या. लग्नात वऱ्हाडातले पुरुष त्याच झाडाखाली सतरंज्या टाकून बसले, तिथेच पंगत झाली. टोपलं मुलीबरोबर गेलं. चार दिवसांनी शेजारीण आली, माझ्या हाताला धरून ओट्यावर बसली आणि मग म्हणाली, "फुलली, काकू. थाळीएवढी झाली म्हने. पोरीचा फोन आल्ता." एवढं सांगून ती रडली. मी तिला रडू दिलं.

आजोबा शब्दाचे पक्के. लग्नानंतर त्यांनी सासूला पुन्हा विचारलं. ती म्हणाली, आता पावसाच्या तोंडावर कोण झाड तोडतं. दिवाळीला विचारलं, तर म्हणाली, धाकट्या नातीचं ठरू द्या. आता आजोबा विचारत नाहीत. तोडलेल्या फांद्यांच्या जागी धुमारे आलेत, खिडकीपर्यंत यायला त्यांना अजून काही उन्हाळे लागतील. तोवर पडदा आहे. या चैत्रातही कुरडया सकाळी आमच्याकडे आल्या आणि दुपारी घरी गेल्या.

तेव्हा तुमच्या बाबांना सांगा, पश्चिमेला झाड जरूर लावा. पण हौदापासून किंवा पाण्याच्या नळांपासून लांब. तुमच्याकडे थंडीत ऊन हवं असतं, म्हणून पानं गाळणारं लावा. सावली कुठे पडेल ते एकाच ऋतूत ठरवू नका, वर्षभर बघा. आणि खड्डा खणायच्या आधी पलीकडच्या घरी जाऊन, त्यांच्या अंगणात सकाळचं ऊन कशासाठी लागतं ते विचारून या.

गेल्या वर्षी पार्सलमधून पाठवलेल्या कुरडया वेड्यावाकड्या फुलतात आणि थोड्या तांबूस आहेत, असं धाकटी म्हणाली होती. त्या पहिल्या घाण्याच्या आहेत, सावलीत राहिलेल्या. टोपल्यात घालण्यासारख्या नव्हत्या, म्हणून शेजारणीने मला दिल्या. एखादीत निंबाचा मोहोर सापडेल, तेवढा काढून टाका. बाकी चवीला चांगल्या आहेत.